टोपीकडे बघणाऱ्या मुली

सोमवार, ५ जानेवारी

धाकट्यास,

पत्राच्या वर आशीर्वाद लिहायचा असतो. मी लिहीत नाही. फोन तू उचलत नाहीस, मेसेज बघून सोडून देतोस, म्हणून हा कागद. तुझ्या नव्या कॉलेजच्या पत्त्यावर टाकतेय, म्हणजे शिपाई आणून तुझ्या टेबलावर ठेवेल आणि चार लोकांसमोर तुला तो उघडावा लागेल.

काल आपण हरलो. ‘आपण’ सवयीने आलं, राहू दे. पंचाहत्तराव्या मिनिटापर्यंत दोन-शून्यने पुढे होतो. मुली इतक्या सुरेख खेळत होत्या की कॅन्टीनवाला गिऱ्हाईक सोडून रेलिंगला टेकून उभा होता. मग एक्क्याऐंशीव्या मिनिटाला पहिला गोल, शहाऐंशीव्याला दुसरा, आणि पंचांनी शिट्टी तोंडात धरलेली असताना तिसरा. दोन-तीन. ही सलग तिसरी मॅच आणि तिन्हींत हाच तमाशा. पंचाहत्तर मिनिटं वाघिणी, आणि नंतर बचावातल्या चौघीजणी मागे मागे सरकत आपल्याच गोलच्या तोंडाशी येतात आणि एकमेकींच्या पायात अडकतात. तिसऱ्या गोलला खांब, तुझी लाडकी स्टॉपर, जी चार वर्षांत चार वाक्यं बोलली नसेल, चेंडू समोर असताना नुसती उभी राहिली. चिमणी, आपली डावी बॅक, धावत आली आणि तीही थांबली. दोघींच्या मधून चेंडू गेला. धावत नाही, चालत गेला म्हण.

आज प्राचार्यांनी बोलावलं. आठ कॉलेजांत आपण आठवे. शेवटपर्यंत आठवेच राहिलो तर खालच्या गटात जाणार, आणि खालच्या गटातला मुलींचा संघ कॉलेज ठेवणार नाही, असं त्यांनी मला खुर्चीत बसायच्या आत सांगितलं. मैदानावर गाड्या लावायची सोय करायची आहे. नकाशा तयार आहे, मला कौतुकाने दाखवला. पेनल्टीच्या खुणेवर कारंजं आहे.

तू मात्र डिसेंबरात, स्पर्धा ऐन मध्यावर असताना, सामानाच्या खोलीची किल्ली टेबलावर ठेवून चालता झालास. नऊ वर्षं तू प्रशिक्षक आणि मी तुझ्या शेजारी बाकड्यावर. पाणी, पट्ट्या, हजेरी. पाच वर्षांनी मोठी बहीण, स्वतः बॅक म्हणून खेळलेली, आणि तुझ्या बाटल्या भरत होते. त्याचंही मला काही वाटलं नाही. काडीच्या गुडघ्याचं काय झालं ते तुलाही माहीत आहे आणि मलाही. सुजलेल्या गुडघ्यावर पोरगी खेळली, गुडघा कायमचा गेला, चौकशी लागली. लागायलाच हवी होती. पण चौकशीला तोंड द्यायचं सोडून माणूस दुसऱ्या कॉलेजात नोकरी धरतो? आणि तीही आपल्याच गटातल्या?

आईने विचारलंय, वेळेवर जेवतोस का. वाक्य तिचं आहे, माझं नाही.

ताई


बुधवार, १४ जानेवारी

धाकट्यास,

कार्ड मिळालं. चार शब्द. “दम कमी पडतोय, पळव.”

उंटावरून शेळ्या हाकायला अक्कल लागत नाही, फक्त उंट लागतो, आणि तो तुला मिळालाय. तरी मी मूर्खासारखं पळवलं त्यांना. मैदानाला सहा जादा फेऱ्या, प्रेक्षकांच्या पायऱ्या वर-खाली, उन्हात. दोघींना उलट्या झाल्या. रविवारी पुन्हा एक-शून्यने पुढे होतो आणि पुन्हा ब्याऐंशीव्या आणि एकोणनव्वदाव्या मिनिटाला गोल खाल्ले. मॅच संपल्यावर बस सुटेल म्हणून चिमणी फाटकापर्यंत अशी सुसाट पळाली की मला तिच्या पाठीत बूट घालावासा वाटला. दम होता. दम हवा तेवढा होता.

काल दुपारी सामानाच्या खोलीत बसले होते. तुला ती आठवत असेल: ओल्या बुटांत वर्तमानपत्र कोंबून लावलेल्या ओळी, मलमाचा वास, आणि तो गळका नळ, जो तू नऊ वर्षं ‘उद्या करतो’ म्हणत होतास. काडी आली. एक कुबडी सुटली, दुसरी आहे. प्रत्येक मॅचला ती माझ्या शेजारी खुर्ची टाकून बसते, पाय समोर स्टुलावर, आणि फोनवर चित्रण करत राहते. मला वाटायचं, बिचारी वेळ घालवतेय. तिने फोन माझ्या हातात दिला.

“मॅडम, मी चेंडूचं काढत नाही,” म्हणाली. “चेंडू सगळेच बघतात. मी फक्त आपल्या चौघींचं काढते.”

ती स्वतः बॅक. तिला मैदानात दुसरं काही दिसतच नाही.

आम्ही हरलेल्या चारही मॅच बघितल्या. पंचाहत्तर मिनिटं झाली की चौघींच्या माना वळतात. बाकड्याकडे. चेंडू कुठेही असो, समोरची अंगावर येत असो, मान वळतेच. बाकड्यावर कोण? मी, बाटल्या आणि तुझी रिकामी खुर्ची. तिथे काही दिसत नाही म्हणून दोन पावलं मागे येतात आणि पुन्हा बघतात. प्रत्येक गोलच्या आधी हेच. मी त्या छोट्या पडद्यावर खांबची मान वळताना बघितली आणि मला कळलं, ती काय शोधतेय.

तुझी टोपी. ती चोच फाटलेली हिरवी टोपी. शेवटच्या पंधरा मिनिटांत ती डोक्यावरून काढलीस की मुलींनी मागे यायचं. उजव्या हातात धरलीस की उजवीकडे सरकायचं, डाव्या हातात धरलीस की डावीकडे. गुडघ्यावर आपटलीस की पुढे चालायचं, खिशात कोंबलीस की चेंडू बाहेर भिरकावून मोकळं व्हायचं. लोक म्हणायचे, काय बचाव आहे या पोरींचा, शेवटपर्यंत भिंत. तू मान डोलवायचास. अरे, बचाव त्यांचा कुठे होता? आठ डोळे मैदानात आणि डोकं एकच, तेही बाकड्यावर. ते डोकं उठून गेलं आणि मागे राहिल्या चार माना.

तू त्यांना बचाव शिकवला नाहीस. तुझ्याकडे बघायला शिकवलंस. चार वर्षांत त्या एकमेकींशी एक शब्द बोलल्या नाहीत, कारण बोलायची गरजच तू ठेवली नाहीस. हे वाचून तुला लाज वाटली तर मला कार्ड पाठवू नकोस, तशीच वाटू दे.

ताई


मंगळवार, २० जानेवारी

हसायचं असेल तर आधी हसून घे. मीही एक टोपी आणून घातली.

वकीलबाईंनी सुचवलं. वकील म्हणजे आपली कॅप्टन, तीच जी पंचांशी ऑफसाइडवरून मध्यंतरातही भांडते. ती म्हणाली, “मॅडम, सर टोपीने सांगायचे, तुम्ही पण सांगा. आम्हाला काय, टोपी असली म्हणजे झालं.” मला राग आला, पण पटलंही. बघायचंच आहे ना त्यांना, मग देऊ काहीतरी बघायला.

रविवारी एक-एक बरोबरी होती. पंचाहत्तराव्या मिनिटाला मी उभी राहिले. टोपी उजव्या हातात धरली. दोघी एकीकडे गेल्या, दोघी दुसरीकडे, आणि मधे एवढी वाट मोकळी झाली की त्यातून प्राचार्यांची गाडी गेली असती. तुझा उजवा म्हणजे त्यांचा उजवा की बाकड्यावरून दिसणारा उजवा, हे नऊ वर्षं शेजारी बसून मला ठाऊक नव्हतं. नशिबाने समोरच्या संघाचा फटका बाहेर गेला. मी घाबरून टोपी डोक्यावर चढवली. अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला कपाळाला खाज सुटली. घाम होता रे. मी टोपी काढून कपाळ खाजवलं आणि माझ्या चारही पोरी, चेंडू जवळजवळ त्यांच्या पायात असताना, तो सोडून मागे धावत सुटल्या. समोरच्या मुलीला कळेना की आपल्याला चेंडू भेट का दिला. तिने एकदा इकडे-तिकडे बघितलं आणि मारला. एक-दोन.

खाज सुटली म्हणून गोल खाल्लेला प्रशिक्षक जगात मी एकटीच असेन.

घरी येऊन टोपी कपाटात फेकली आणि तुला मनसोक्त शिव्या दिल्या. आई पलंगावर बसून मोजे दुमडत होती. ऐकून घेतलं तिने, मग म्हणाली, “त्याला बोलतेस, पण तू तरी दुसरं काय केलंस? सायकल शिकवताना सहा महिने सीट धरून पळालीस त्याच्या मागे. तो कधी पुढे बघायचाच नाही. मागे वळून तुझ्याकडे बघायचा. म्हणून तर कुंपणात गेला.”

मी म्हटलं, आई, हा फुटबॉलचा विषय आहे. ती म्हणाली, “मला कुठे फुटबॉल कळतो,” आणि मोजे दुमडत राहिली.

दोन दिवस झाले, ते वाक्य डोक्यातून जात नाही. त्याचाही राग तुझ्यावरच काढतेय, कारण दुसरं कुणी समोर नाही. तूही नाहीस म्हणा. शाळेत गणिताच्या तासाला खिडकीतून मला बघायचास. नोकरीचा अर्ज मी भरला, या कॉलेजात मी चिकटवलं. मग तू कुठून शिकलास की माणसाला शहाणं करायचं म्हणजे त्याला आपल्याकडे बघायला लावायचं, हे मला विचारायला नको.

पुढच्या रविवारी काय करायचं ते ठरवलंय. सांगत नाही. तू आता दुसऱ्या संघाचा आहेस.

ताई


मंगळवार, २७ जानेवारी

धाकट्यास,

तुझ्यापर्यंत बातमी पोचली असेल की ताईचं डोकं फिरलं. पोचली नसेल तर मीच सांगते.

रविवारी पंचाहत्तर मिनिटं झाली आणि मी उठले, खुर्ची उचलली, उलटी फिरवली आणि मैदानाकडे पाठ करून बसले. समोर सामानाच्या खोलीची भिंत. भिंतीला ओल, ओलीच्या वर एक खिळा, खिळ्याला कुणाची तरी जुनी शिट्टी. पंधरा मिनिटं मी त्या खिळ्याकडे बघितलं. मुलींना आधी सांगितलं होतं की आता बाकड्यावर बघायला कुणी नाही, एकमेकींशी बोला. वकीलबाईंना पटलं नव्हतं. “मॅडम, हे म्हणजे पाण्यात ढकलायचं आणि काठावरून निघून जायचं.” मी म्हटलं, काठावरच आहे, फक्त बघणार नाही.

चार गोल खाल्ले. पंधरा मिनिटांत चार. मला एकही दिसला नाही, चारही ऐकू आले. गोलपेक्षा वाईट होती मधली शांतता. अकरा मुली आणि तोंडातून चकार शब्द नाही, नुसते बूट आणि श्वास. मी खुर्चीवर बसून दातओठ खात होते.

प्राचार्य चालत आले आणि माझ्या आणि भिंतीच्या मधे उभे राहिले. “हा काय प्रकार आहे? संघ हरतोय आणि तुम्ही भिंत बघताय?”

“भिंत बरी आहे सर,” मी म्हटलं. “ती गोल खात नाही.”

“दोन मॅच राहिल्यात,” असं म्हणून ते गेले. त्यांच्या खिशात तो नकाशा असणार.

काल सरावाला मी शिट्टी नेलीच नाही. चौघींना सांगितलं, तोंडाने सांगाल तरच चेंडू मिळेल. खांबला मधोमध उभं केलं, कारण सगळं तिलाच दिसतं. ती “डावीकडे” म्हणाली, पण अशी की जणू शेजारच्या माणसाला हळूच वेळ विचारतेय. मी ओरडले तिच्यावर. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ती माझ्याकडे बघू लागली, आता काय करू म्हणून. मी तिथेही पाठ फिरवली. घरी येऊन जेवले नाही.

आता दुसरं. हे लिहायचं नव्हतं, पण काल मी तोंड उघडायच्या आधी काडीनेच विषय काढला.

सराव संपल्यावर ती बूट पुसत बसली होती. सहज म्हणाली, “त्या दिवशी पट्टी तुम्ही बांधली होती ना, मॅडम? खूप घट्ट होती. मला वाटलं, मॅडमनी बांधलीये म्हणजे खेळायला हरकत नसणार.”

तक्रार नव्हती तिच्या आवाजात. तक्रार असती तर बरं झालं असतं, मी उलटून बोलले असते.

पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं, काडीच्या गुडघ्याचं काय झालं ते तुलाही माहीत आहे आणि मलाही. अर्धंच लिहिलं. चौकशीतला माझा जबाब तू वाचलायस: ‘गुडघा सुजलेला असताना प्रशिक्षकांनी तिला मैदानात उतरवलं.’ त्यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे. पट्टी कुणी बांधली, ते त्यात नाही. तू म्हणालास, “ताई, घट्ट बांध, पंधरा मिनिटांचा प्रश्न आहे,” आणि मी सुजलेला गुडघा माझ्या मांडीवर घेऊन बांधली. तो गुडघा गरम होता. मी नाही म्हटलं असतं तर तू ऐकलं असतंस, कारण माझं न ऐकणं तुला कधी जमलंच नाही. प्राचार्यांनी विचारलं, आणखी कुणाला माहीत होतं? मी म्हटलं, नाही.

आणि तू गप्प बसलास. ‘पट्टी ताईने बांधली’, तीन शब्द होते. ते न बोलता किल्ली ठेवून गेलास. नोकरी, संघ, अब्रू, सगळं माझ्या पदरात टाकून गेलास आणि मला कळूही दिलं नाहीस की हे तू मुद्दाम केलंस. पळून गेलास म्हणून मला राग आहे असं मी आतापर्यंत लिहीत आले. खोटं आहे ते. उपकार करून गेलास, याचा राग आहे. तुझ्याकडे मी उपकार मागायला आले नव्हते.

या पत्राला कार्ड नको.

ताई


शनिवार, ७ फेब्रुवारी, सकाळी

उद्या तुझा संघ आपल्या मैदानावर येतोय. शेवटची मॅच. तुला माहीत असेलच, तरी लिहिते: गेल्या रविवारी आम्ही एक-शून्यने जिंकलो. मी भिंत बघत होते आणि वकीलबाई मागे घसा फुटेपर्यंत ओरडत होती. अर्ध्या वेळा चुकीचं ओरडली, पण ओरडली. खांब अजून मुकी आहे. उद्या बरोबरी केली तरी एका गुणाने सातवे राहू आणि संघ वाचेल. हरलो तर कारंजं.

हे पत्र मी कॅन्टीनवाल्याच्या भाच्याबरोबर पाठवतेय, तो तुमच्या बाजूला कामाला जातो. कारण एकच. पाहुण्यांचं बाकडं पलीकडे आहे, माझ्या बरोबर समोर. मी पाठ फिरवली की मुलींना बघायला अख्ख्या मैदानात एकच माणूस उरतो, आणि तो तू आहेस.

टोपी घालून येऊ नकोस. ऊन लागलं तर छत्री धर.

विनंती म्हणून वाचायचं असेल तर विनंती म्हणून वाच. मला तसं लिहिता येत नाही.

ताई


सोमवार, ९ फेब्रुवारी

धाकट्यास,

टोपी घालून आलास.

फाटकातून तुला येताना बघितलं आणि माझ्या हातातली बाटली मी अशी आपटली की झाकण उडालं. तू मान खाली घालून माझ्यासमोरून गेलास. नमस्कार नाही, काही नाही. मीही केला नाही. पत्र तुला मिळालं होतं, तो भाचा खोटं बोलत नाही.

पहिला गोल आपला झाला, विसाव्या मिनिटाला, तो तू बघितलास. पंचाहत्तराव्याला मी खुर्ची फिरवली, ते तर तू फार नीट बघितलंस. पुढचं सगळं मी ऐकलेलं आणि काडीच्या फोनमधलं आहे.

सत्त्याहत्तराव्या मिनिटाला तू टोपी काढलीस आणि डाव्या हातात धरलीस. तुझ्या पोरींसाठी काढलीस, माझ्या पोरींना फसवायला काढलीस, की नऊ वर्षांच्या सवयीने हात वर गेला, हे मी विचारणार नाही. तू खरं सांगशील किंवा खोटं, माझं डोकं दोन्हींनी फिरेल. चिमणीने बघितलं. चिमणी सरकली. तिने सोडलेल्या जागेतून तुमची पोरगी आत शिरली आणि एक-एक झालं.

मी खुर्चीचे हात घट्ट धरून बसले होते. मला वळायचं होतं. वळून मैदान ओलांडून तुझ्या अंगावर यायचं होतं. काडीने न बघता माझ्या मनगटावर हात ठेवला आणि म्हणाली, “मॅडम, वळू नका.”

मग एक आवाज आला. कुणाचा ते मला कळलंच नाही, इतका अनोळखी. घोगरा, फाटका, संतापलेला.

“टोपीकडे काय बघतेस गं? तो माणूस आपला नाही आता. माझ्याकडे बघ. मी आहे ना इथे.”

खांब. आपली खांब. चार वर्षांचं साठलेलं एकदम बाहेर पडलं आणि मग तिचं तोंड बंदच होईना. डावीकडे ये. सोड तिला, ती माझी. पुढे चल, पुढे, झोपलीस का. मार बाहेर. चिमणीने उलट उत्तर दिलं, वकीलबाईने दोघींना झापलं, गोलकीपर मागून सगळ्यांच्या नावाने बोंबलत होती. बाजार भरला होता नुसता. तेरा मिनिटं आणि वर वाढवलेली चार. मी खिळ्याकडे बघत होते आणि कोण कुठे उभी आहे ते मला भिंतीवर दिसत होतं. एकदा चेंडू खांबाला लागल्याचा आवाज आला, लोखंडी खांबाला. मग शिट्टी.

एक-एक. सातवे. प्राचार्यांनी हात मिळवला, त्यांचा चेहरा पडला होता.

मुली माझ्याकडे धावत आल्या नाहीत. त्या खांबच्या अंगावर पडल्या. मला वाईट वाटेल असं वाटलं होतं, पण तसं काही झालं नाही.

संध्याकाळी काडीने चित्रण दाखवलं. ती आपल्या चौघींचंच काढते, पण त्यांच्या मागे पलीकडचं बाकडं येतं, आणि बाकड्यावर तू. गोल झाल्यावर तुझ्या पोरी उड्या मारत होत्या आणि तू हातातल्या टोपीकडे बघत होतास. मग ती खाली ठेवलीस आणि तिच्यावर पाय दिलास. त्यानंतर शिट्टी होईपर्यंत तू मॅच बघितलीच नाहीस. काडीच्या फोनमध्ये सरळ बघत होतास. मी म्हटलं, हा फोनकडे का बघतोय? ती म्हणाली, “फोनकडे नाही, मॅडम. मी तुमच्या शेजारी होते. सर तुमच्या पाठीकडे बघत होते.”

मला तेव्हा कुंपणात गेलेली सायकल आठवली. पण माझा राग काही गेला नाही.

आज सकाळी दोन कामं केली. आधी काडीला सांगितलं. बूट पुसत बसली होती, तिच्या समोर स्टुलावर बसून सांगितलं की पट्टी मी बांधली, गुडघा गरम होता ते मला कळलं होतं, आणि चौकशीत मी ते लपवलं. एवढं बोलायला मला नळाचे किती थेंब लागले कुणास ठाऊक. तिने बूट खाली ठेवला.

“मला माहीतच होतं, मॅडम,” म्हणाली. “तुम्ही सांगताय का, ते बघत होते.”

मग प्राचार्यांकडे गेले आणि म्हटलं, जबाबात एक ओळ घालायची राहिली आहे. ते म्हणाले, “आज? कालच तर तुमचा संघ वाचला.” मी म्हटलं, म्हणूनच आज. काल हरलो असतो तर मला हे जमलं असतं का, ते मी तुला छातीठोकपणे सांगू शकत नाही. ओळ लिहून दिली. निकाल लागेपर्यंत मी मैदानावर जायचं नाही, असं त्यांनी तोंडी सांगितलं, लेखी येईलच.

मुलींना सांगायला गेले तर वकीलबाई म्हणाली, “म्हणजे खुर्ची आत ठेवू का? नाहीतरी ती उलटीच असते.” आणि सगळ्या खेळायला पळाल्या. मी फाटकाशी थोडा वेळ उभी होते. खांबचा आवाज रस्त्यापर्यंत येत होता. एकीनेही मान वळवली नाही.

तुझं नाव मी जबाबातून काढलेलं नाही. त्याच्या खाली माझं घातलंय. आपण दोघं सुटलो असं समजू नकोस, आणि मी तुझे उपकार फेडले असंही समजू नकोस. तुझी तीन शब्दांची शांतता मला नको होती, ती मी तुला परत केली एवढंच.

यापुढे काय करायचं ते मला विचारू नकोस. मी काही सांगणार नाही. काडी मंगळवारी दुपारी सामानाच्या खोलीत असते. ती माझं बघत होती, तसं तुझंही बघत असेल.

ताई